आद्य इंडो-युरोपीय समाजात गरीब घरचा माणूस वर चढू शकत होता का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्राचीन डीएनएवरचा एक मोठा अभ्यास आला. चारशेहून अधिक जुन्या सांगाड्यांची जनुकं तपासून संशोधकांनी इंडो-युरोपीय भाषांचं मूळ शोधायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या मते ते मूळ कॉकेशस पर्वताच्या उत्तरेकडचा गवताळ प्रदेश आणि व्होल्गा नदीचं खालचं खोरं या पट्ट्यात, साधारण साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या लोकांपर्यंत पोचतं. अशी बातमी आली की आपल्याकडे एकाच प्रश्नावरून रान पेटतं: आर्य बाहेरून आले की इथलेच? २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरातल्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हाही तेच झालं.

त्या गदारोळात एक प्रश्न कायम मागे पडतो. हे लोक आपसात राहत कसे होते? मालक कोण, चाकर कोण, आणि चाकराचा मुलगा मालक होऊ शकत होता का? गेल्या दहा-बारा वर्षांत याबद्दल जितकं कळलं, तितकं त्याआधीच्या शंभर वर्षांत कळलं नव्हतं. थोडक्यात उत्तर असं, की समाज विषम होता आणि चांगलाच विषम होता. पण जातिव्यवस्था पाहून आपल्या डोक्यात ‘जन्माने ठरलेली पायरी’ असं जे चित्र पक्कं बसलंय, ते तिथे तसंच्या तसं सापडत नाही.

आधी नावं समजून घेऊ

‘इंडो-युरोपीय’ हे भाषाकुळाचं नाव आहे, वंशाचं नाही. मराठी, हिंदी, फारसी, रशियन, ग्रीक, आयरिश या सगळ्या भाषा एकाच हरवलेल्या भाषेच्या लेकी-नाती आहेत. त्या हरवलेल्या भाषेला अभ्यासक आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. तिचा एकही लेख सापडलेला नाही, कारण ती बोलणाऱ्यांना लिपीच नव्हती. लेकींची तुलना करून आईची पुनर्रचना केलेली आहे.

पुरातत्त्वात या भाषेशी सर्वांत जास्त जोडली जाते ती याम्नाया संस्कृती. काळ इ.स.पू. ३३०० ते २६०० च्या आसपास. जागा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या उत्तरेचं गवताळ मैदान, म्हणजे स्टेप. गाईगुरं, मेंढरं, बैलांनी ओढायच्या जड गाड्या, आणि मेलेल्या माणसाला खड्ड्यात ठेवून वर रचलेला मातीचा उंचवटा, अशी तिची ओळख. या उंचवट्याला कुर्गान म्हणतात. प्रत्येक मेलेल्या माणसासाठी कुर्गान रचत नसत, आणि विषमतेचा पहिला पुरावा हाच आहे. काही भागांत कुर्गानखाली पुरलेल्यांमध्ये पुरुषच फार जास्त आहेत.

सासरची नाती सांगणारे शब्द

लिपी नसलेल्या समाजाची रचना भाषेवरून कशी कळते? नातेवाचक शब्दांवरून. सासरा, सासू, दीर, जाऊ, सून हे आपले रोजचे शब्द घ्या. संस्कृतात ते श्वशुर, श्वश्रू, देवृ, यातृ, स्नुषा असे आहेत. दिराला लॅटिनमध्ये लेव्हिर, लिथुआनियनमध्ये दिएव्हेरिस, रशियनमध्ये देव्हेर. सुनेला लॅटिनमध्ये नुरुस, ग्रीकमध्ये नुओस. जावेचा शब्दही लॅटिन, ग्रीक आणि स्लाव्ह भाषांमध्ये टिकून आहे. ध्वनिबदलाच्या ठरलेल्या नियमांनी हे सगळे एकाच मूळ शब्दावर जाऊन पोचतात, त्यामुळे ते एकमेकांकडून उसने घेतले असण्याची शक्यता उरत नाही.

ही नाती कोणाच्या तोंडची आहेत ते बघा. लग्न होऊन नवऱ्याच्या घरी आलेल्या बाईची. बायकोच्या माहेरच्या माणसांसाठी नवरा जे शब्द वापरील, ते असे सर्व शाखांमध्ये फारसे सापडत नाहीत. म्हणजे बाई नवऱ्याकडे जायची आणि तिच्या सासरच्या प्रत्येक माणसाला नाव लागायचं. नवरा मात्र बायकोच्या घरी राहायला जात नसे. भाषाभ्यासकांनी हा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकात काढला होता. तेव्हा तो अंदाज होता. आता हाडांमधूनही तेच निघतंय.

भाषेच्या पुराव्यात एक मोठा धोका असतो, तो लक्षात ठेवायला हवा. शब्द टिकतो आणि अर्थ सरकतो. ‘राजन्’ आणि लॅटिनमधला ‘रेक्स’ एकाच मुळाचे आहेत, म्हणून पाच हजार वर्षांपूर्वी सिंहासन आणि दरबार होता असं म्हणता येत नाही. तो माणूस फार तर एखाद्या टोळीचा म्होरक्या, यज्ञ-विधीत पुढे उभा राहणारा असेल.

हाडांवरून घराणं कसं उलगडतात

कवटीत कानाच्या आतल्या बाजूला एक फार घट्ट हाड असतं. डीएनए तिथे सर्वांत चांगला टिकतो. त्या हाडाची चिमूटभर भुकटी काढतात. आई-बाप आणि मूल यांच्यात निम्मा डीएनए सारखा असतो; आजा-नातू किंवा काका-पुतण्या यांच्यात साधारण पाव. पाव सारखा निघाला तर आजा-नातू की काका-पुतण्या हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. मग मृत्यूच्या वेळचं वय, थडग्याचा काळ, बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए अशा धाग्यांनी वंशवृक्ष जुळवतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंतरावर नातं पुसट होत जातं आणि तिथे चुका व्हायला लागतात.

दुसरी तपासणी दाताची. दाताचं बाहेरचं कवच लहानपणी तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही. तिथल्या खडकातलं स्ट्रॉन्शियम पाण्यातून, धान्यातून मुलाच्या दातात उतरतं. खडकानुसार त्याच्या प्रकारांचं प्रमाण बदलतं. म्हणून दात आणि थडग्याच्या आसपासची जमीन जुळत नसेल, तर माणूस परगावी वाढला हे कळतं. एक अडचण मात्र राहते. दोन वेगळ्या प्रदेशांत खडक सारखाच असला, तर परगावचा माणूस स्थानिकच दिसतो.

या दोन्हींच्या जोडीला थडग्यातल्या वस्तू. त्याबाबतीत मला स्वतःला फार सावध राहावंसं वाटतं. वस्तू मेलेला माणूस ठेवत नाही, मागे राहिलेले ठेवतात. वस्तूंवरून खरी श्रीमंती कळण्यापेक्षा घराण्याला काय दाखवायचं होतं ते जास्त कळतं.

लेख नदीकाठची शेतघरं

दक्षिण जर्मनीत बव्हेरिया राज्यात आउग्सबुर्ग शहराच्या दक्षिणेला लेख नदीचं खोरं आहे. तिथे कांस्ययुगात, साधारण इ.स.पू. २१५० ते १७०० या काळात, सुपीक मातीच्या पट्ट्यावर एका ओळीत शेतघरं होती आणि प्रत्येक शेतघराचं आपलं दफनस्थान होतं. इथले लोक कोणती भाषा बोलत हे हाडं सांगत नाहीत. पण त्यांच्यात स्टेपकडून आलेला जनुकीय वारसा स्पष्ट आहे, आणि हा वारसा युरोपात जिथे पसरला, तिथे बहुतेक ठिकाणी पुढे इंडो-युरोपीय भाषा आढळतात. २०१९ मध्ये या खोऱ्यातल्या शंभरावर माणसांच्या जनुकांचा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात आला. एका घराच्या उंबऱ्याआड काय चालायचं, ते इतक्या जवळून त्याआधी कुणाला दिसलं नव्हतं.

एकेका शेतघराच्या थडग्यांमध्ये तीन प्रकारची माणसं निघाली. पहिली, रक्ताच्या नात्याचं कुटुंब. चार-पाच पिढ्यांचा वंशवृक्ष लागला आणि तो पूर्णपणे पुरुषांच्या बाजूने चालतो. बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. पुरुषांबरोबर खंजीर, कुऱ्हाडी, बाणांची टोकं. या घरांच्या वयात आलेल्या मुली तिथे जवळपास सापडतच नाहीत. त्या लग्न होऊन गेल्या.

दुसऱ्या, बाहेरून आलेल्या बायका. त्यांच्या डोक्यावर भारी शिरोभूषणं, पायांत जड कडी, थाट घरच्या माणसांइतकाच. दात सांगतात की त्यातल्या कित्येकजणी किमान ४०० किलोमीटर अंतरावर वाढल्या होत्या. चालत किंवा बैलगाडीने तो कित्येक दिवसांचा प्रवास. आणि या परक्या श्रीमंत बायकांची मुलं त्या दफनस्थानात सापडलेली नाहीत. मुलं त्यांच्या माहेरी वाढवायला पाठवत असतील, किंवा या बायकांचं काम वंश वाढवण्यापेक्षा दोन दूरच्या घराण्यांचा संबंध राखण्याचं असेल. दोन्ही शक्यता खुल्या आहेत.

तिसऱ्या प्रकारची माणसं बघून मन थांबतं. त्याच शेतघराच्या थडग्यांत पुरलेली, पण कुटुंबाशी रक्ताचं काहीही नातं नसलेली, त्याच भागात वाढलेली, आणि बरोबर काही नाही किंवा अगदी जुजबी. ही चाकरमाणसं असावीत, कदाचित गुलाम. श्रीमंत-गरीब वेगवेगळ्या वस्तीत राहत नव्हते. विषमता एकाच छपराखाली होती, आणि ही रचना शेकडो वर्षं चालत राहिली. घरच्या लहान मुलांच्या थडग्यांतही भारी वस्तू आहेत. ज्या पोराने अजून काही कमावलंच नाही, त्याचा मान वारशाचा असणार.

एवढंच पाहिलं तर वाटेल की दार बंद होतं. खुद्द स्टेपवरचा पुरावा थोडी वेगळी बाजू दाखवतो. रशियात उरल पर्वताच्या दक्षिण भागात नेप्लुयेव्हस्की नावाच्या ठिकाणी सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचा एक कुर्गान आहे. त्यातल्या ३२ माणसांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, नातवंडं असा तो गोतावळा. बायका सगळ्या बाहेरच्या. सहा भावांपैकी थोरल्याला दोन बायका आणि आठ मुलं. बाकीच्या भावांच्या दुसऱ्या बायकोचा पुरावा नाही आणि मुलंही थोडीच. दुसरी बायको आणायची, तिला आणि तिच्या मुलांना पोसायचं, तर कळप मोठा लागतो. म्हणजे एकाच बापाच्या पोटी आलेल्यांमध्येही पायऱ्या होत्या. धाकट्याने काय करायचं, हा प्रश्न या समाजात प्रत्येक पिढीत उभा राहत असणार, आणि माझ्या मते वर-खाली होण्याची सगळी गुंतागुंत या धाकट्यापासून सुरू होते.

गुरांवर चढायचं, गुरांवरच पडायचं

जमीन हलत नाही. ती वारशाने मिळते किंवा मिळत नाही. गुरांचं तसं नाही. दोन गाई चांगल्या निघाल्या तर दहा वर्षांत दावण भरते, आणि एका रोगाच्या साथीत, एका कडक हिवाळ्यात किंवा शेजारच्या टोळीच्या एका धाडीत रिकामीही होते. या समाजांची संपत्ती गुरं होती. ‘पशु’ या शब्दाचाच लॅटिनमधला भाऊ ‘पेकू’, आणि त्यावरून पैशासाठी ‘पेकूनिया’ शब्द आला. ऋग्वेदात लढाईला ‘गविष्टि’, म्हणजे गाईंची इच्छा, असंही म्हटलंय. अशी संपत्ती असलेल्या समाजात चढउतार होणारच.

ही यंत्रणा कशी चालायची ते सर्वांत बारकाईने आयर्लंडच्या जुन्या कायद्यांत लिहिलेलं आहे. हे कायदे इ.स. सातव्या-आठव्या शतकातले, म्हणजे मूळ काळापासून फार दूरचे आहेत आणि तोवर तिथे ख्रिस्ती धर्मही पोचला होता. म्हणून ते आरसा नाहीत. पण गुरांच्या हिशेबावर उभा असलेला इंडो-युरोपीय भाषिक समाज इतक्या तपशिलात दुसरीकडे कुठे नोंदलेला नाही.

त्यात स्वतंत्र शेतकऱ्यांची सर्वांत खालची पूर्ण पायरी अशी आहे: सात गाई आणि एक वळू, सात डुकरं, सात मेंढ्या, एक घोडा. नांगराचा चौथा हिस्सा, म्हणजे एक बैल, फाळ, पराणी आणि दावं. चौघं मिळून एक नांगर चालवायचा. हा माणूस पुढे कसा जाणार? त्याच्याकडे गुरं कमी आहेत; मोठ्या घराकडे जास्त आहेत आणि राखायला माणसं कमी. आपल्याकडे एखादा शेळी अर्धलीने देतो, सांभाळणाऱ्याला करडांत वाटा मिळतो, तसाच हा व्यवहार. फरक इतका, की आयर्लंडमध्ये गुरांबरोबर नातंही गळ्यात पडायचं. गुरं घेणारा त्या घराचा आश्रित व्हायचा. दरवर्षी ठरलेलं धान्य, मांस, दूधदुभतं पोचवायचं, सुगीत राबायचं, मालकाच्या बरोबर लढाईत जायचं.

कळप वाढला की आश्रित हळूहळू सुटा होतो. आणखी वाढला की तो स्वतःच्या जादा गाई दुसऱ्याला देतो, आणि आता त्याचे आश्रित झाले. दहा आश्रित, पाच वरच्या प्रतीचे आणि पाच खालच्या, ही सरदाराच्या पहिल्या पायरीची अट होती. मात्र पैसा आला म्हणून मान लगेच येत नसे. आज्याने कमावलं, बापाने राखलं, तर नातू सरदार. तीन पिढ्या लागायच्या. त्याच कायद्यात एक वाक्य आहे: माणूस आपल्या जन्मापेक्षा मोठा. कायद्याच्या पोथीत असं वाक्य येतं तेव्हा तशी माणसं आजूबाजूला असली पाहिजेत.

खाली जायला मात्र एक पिढीसुद्धा लागत नसे. साथीत उसनी गुरं मेली, की देणं अंगावर आणि फेडायला काही नाही. गॉल देशाबद्दल, म्हणजे आजच्या फ्रान्सबद्दल, ज्यूलियस सीझरने लिहून ठेवलंय की कर्जाने, करांनी किंवा बड्यांच्या जाचाने पिचलेली साधी माणसं स्वतःहून सरदारांच्या गुलामीत जातात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं सूक्त आहे (१०.३४). फासे हरलेल्या माणसाबद्दल आई, बाप, भाऊ म्हणतात: ‘न जानीमो नयता बद्धमेतम्’, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांबद्दल लिहिलं, की ते फाशांवर शेवटी स्वतःचं स्वातंत्र्य लावतात आणि हरल्यावर तरणाबांड गडीसुद्धा निमूटपणे बांधून घेतो, विकला जातो. पंजाबातल्या नद्या आणि ऱ्हाइनचा काठ, मध्ये हजारभर वर्षं. दोन्हीकडे हरलेल्या माणसाला दोरी लागते.

धाकट्यांचं काय व्हायचं

वाटा न मिळालेल्या तरुणांसाठी एक वाट टोळीची होती. वयात आलेल्या पोरांनी काही वर्षं घर सोडून एकत्र राहायचं, धाडी घालायच्या, आणि मग परत येऊन पुरुष म्हणून मान मिळवायचा. भारतातले, वैदिक ग्रंथांत येणारे व्रात्य, स्पार्टाचे तरुण, आयर्लंडच्या रानटोळ्या, यांच्यात हे साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. या टोळ्यांची खूण बहुतेक ठिकाणी कुत्रा किंवा लांडगा. रशियात व्होल्गाजवळ क्रास्नोसमार्स्कोये इथे इ.स.पू. १९०० ते १७०० च्या सुमारासच्या वस्तीत किमान पन्नास कुत्र्यांची आणि काही लांडग्यांची हाडं निघाली. ती भर हिवाळ्यात मारलेली, भाजलेली, कवट्या ठरावीक पद्धतीने बारीक तुकडे करून फोडलेल्या. डेव्हिड अँथनी आणि डॉर्कस ब्राउन या उत्खननकर्त्यांनी याचा अर्थ तरुणांच्या दीक्षाविधीशी लावलाय. पुरावा एकाच जागेचा आहे, तेव्हा जपून. पण टोळीतून नाव कमावणारा नेता होऊ शकत होता, हे टॅसिटसही सांगतो: जर्मानिक लोक राजे कुळ बघून निवडतात आणि सेनापती पराक्रम बघून.

गुलामाला सुटका होती का

इंडो-युरोपीय भाषेत लिहिलेला सर्वांत जुना कायदा हित्ती लोकांचा, आजच्या तुर्कस्तानातला, साधारण इ.स.पू. १६५० ते १५०० दरम्यानचा. त्यात माणसाची किंमत सरळ चांदीत आहे. स्वतंत्र माणसाचा हात किंवा पाय मोडला तर २० शेकेल, गुलामाचा मोडला तर १०. निम्मी का होईना, गुलामाला किंमत होती. लग्नाच्या कलमांत रेषा आणखी पुसट होते. स्वतंत्र पुरुष आणि गुलाम स्त्री एकत्र राहिले, संसार केला, मुलं झाली आणि पुढे वेगळे झाले, तर घरातलं सामान निम्मं-निम्मं वाटायचं. मुलं पुरुषाने घ्यायची, एक मूल बाईकडे. कायद्याला याची कलमं लागली, म्हणजे असे संसार होत होते. याच कायद्यात गुलाम पुरुष वधूमूल्य देऊन लग्न करतो, म्हणजे त्याच्याकडे स्वतःचं काहीतरी साठलेलं असायचं.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. गुलामासाठी सर्व शाखांना समान असा शब्द आद्य भाषेत खात्रीने बांधता येत नाही. प्रत्येक शाखेने आपापला शब्द घडवला. गुलामगिरी नव्हती असा याचा अर्थ नाही. लेख खोऱ्यातल्या वस्तू नसलेल्या थडग्यांची माणसं कोण होती, हा प्रश्न उरतोच. बहुधा ‘गुलाम’ हा वेगळा, पक्का वर्ग नंतर घडला.

मग चातुर्वर्ण्य तिथूनच आलं ना?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. त्याला आधार ज्यॉर्ज द्युमेझील या फ्रेंच विद्वानाच्या मांडणीचा. त्याचं म्हणणं, की या सगळ्या समाजांत जगाची तीन कामांत वाटणी करण्याची सवय होती: पुरोहिताचं, योद्ध्याचं आणि उत्पादकाचं. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात पुरोहित, रथी आणि पशुपालक असे तीन आहेत. सीझरला गॉलमध्ये ड्रुइड पुरोहित, घोडेस्वार सरदार आणि सामान्य जनता दिसली.

पण तीन कामं असणं वेगळं आणि ती जन्माने ठरणं वेगळं. त्याच सीझरने लिहिलंय की ड्रुइडांकडे अनेक तरुण स्वतःहून शिकायला येतात, काहींना आईबाप पाठवतात, आणि काहीजण वीस-वीस वर्षं शिकतात. पुरोहित व्हायला विद्या लागायची. ऋग्वेदातही चारही वर्णांची नावं एकत्र येतात ती फक्त पुरुषसूक्तात, जे ऋग्वेदाच्या उशिराच्या थरातलं मानलं जातं. नवव्या मंडलात एक कवी बिनधास्त सांगतो (९.११२): मी कवी, बाप वैद्य, आई जात्यावर दळते. एका घरात तीन धंदे, आणि सांगायला संकोच नाही. आठव्या मंडलात बल्बूथ नावाच्या दास सरदाराकडून मिळालेल्या शंभर दानांची स्तुती आहे. दास म्हणून ज्यांना शत्रू मानलं, त्यांच्यातलाच एकजण इथे यजमान होऊन बसलाय.

याहून भक्कम पुरावा लग्नाचा आहे. जातीचा कणा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. लेख खोऱ्यात आणि नेप्लुयेव्हस्कीत नेमकं उलटं दिसतं, बायको बाहेरचीच. भारताबाबत २०१३ मध्ये ७३ समाजगटांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात असं निघालं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले वेगवेगळ्या मुळांचे लोक आपसात भरपूर मिसळले. अगदी एकाकी गटांपर्यंत ती मिसळण पोचली. मग लग्नाच्या कुंपणांमुळे ती थांबली. जात जर स्टेपवरून बांधून आणलेली असती, तर ही हजार-दोन हजार वर्षांची मिसळण झालीच नसती. कुंपण इथे घातलं गेलं, आणि नंतर घातलं गेलं.

विषमता आणि बापाकडून चालणारं घराणं स्टेपच्या लोकांनीच आणलं का?

तसंही नाही. पॅरिसच्या आग्नेयेला गुर्जी इथे इ.स.पू. ४८५० ते ४५०० च्या सुमारासचं दफनस्थान आहे, स्टेपचे लोक युरोपात यायच्या दीडएक हजार वर्षं आधीचं. तिथे सात पिढ्यांच्या एकाच वंशवृक्षात ६४ माणसं बसली. तेही बापाच्या बाजूनेच, आणि बायका बाहेरच्या. शेतकऱ्यांनी ही पद्धत आधीच घडवली होती.

घराजवळचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन गावात डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उत्खनन केलं. इतर घरं एक-दोन खोल्यांची, एक घर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार. गावात प्रौढांना पुरताना पावलं तोडायची रीत. चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाची पावलं मात्र शाबूत. इनामगावचे लोक कोणती भाषा बोलत ते ठाऊक नाही. पण मानाची पायरी तिथे होतीच.

स्टेपवरून फक्त पुरुषांच्या फौजा आल्या असं म्हणायचं का?

युरोपच्या बाबतीत २०१७ मध्ये यावर सरळ वाद झाला; एका गटाने जनुकांवरून ‘पुरुष खूप जास्त आले’ असं मांडलं, दुसऱ्या गटाने त्याच आकडेमोडीत दोष दाखवला. वाय गुणसूत्राचा पुरावा मात्र ठळक आहे: काही थोड्या बापांचे वंश एकाएकी प्रचंड फोफावले. नेप्लुयेव्हस्कीच्या थोरल्या भावाकडे पाहिलं की ते कसं होतं हे कळतं. आठ मुलं असलेल्याचा वंश पाच-सहा पिढ्यांत भावांच्या वंशाला गिळून टाकतो. त्यासाठी कत्तल लागतेच असं नाही, मोठा कळप पुरतो.

आपल्याकडच्या काळाबद्दल थेट हाडं फार कमी आहेत, कारण वैदिक लोक पुढे दहनच करू लागले आणि जळलेल्या हाडांत डीएनए टिकत नाही. जी आहेत ती बहुतांशी आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातली, साधारण इ.स.पू. १२०० ते ८०० या काळातली थडगी. २०१९ च्या मोठ्या अभ्यासात या लोकांमध्ये स्टेपचा वारसा दिसला, पण स्टेपकडची वाय गुणसूत्रं त्यांच्यात फारच थोडी निघाली. म्हणजे निदान स्वातमध्ये तो वारसा मुख्यतः बायकांमार्फत आला. आजच्या उत्तर भारतातल्या अनेक गटांत याच्या उलट, पुरुषांकडून आलेला जास्त दिसतो. एकाच उपखंडात, दोन ठिकाणी दोन तऱ्हा. स्वातला सासरी आलेल्या त्या बायका कोणत्या पायरीच्या होत्या, हे तिथल्या दातांच्या तपासणीतून कळू शकेल.